मातृदेवालय आणि त्याच्या कन्या

ज्या घरीं मंगलकार्य असतें त्या घरीं प्रथम वडील माणसांस नमस्कार करावा, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. आमच्या देवळाचा महोत्सव साजरा होत असतां या स्मरणिकेंत तीच चाल पाळण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या देवळाची स्वतंत्र हकीकत अन्य पानांवर आलीच आहे, म्हणून तिची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. परंतु वसई प्रांतांतील सर्व देवळांची जी माता, तें किल्ल्यांतील संत योसेफाचें मातृदेवालय, आज आढ्यावांचून उभें आहे. बंदराकडे जाणारे आपलेच लोक त्याच्या मनोऱ्याच्या सावलींतून जातात, आणि हें देऊळ आपलें कोण लागतें याची त्यांतील पुष्कळांस कल्पना नसते. त्या मातेचा वृत्तांत सांगावा, आणि तिचें छप्पर गेलें असतां तिच्या लेकींचीं घरें कशीं भरलेलीं राहिलीं याचा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पाया

खाडीच्या मुखाशीं वसलेली वसई पूर्वीं गुजराथच्या सुलतानांच्या ताब्यांत होती. मोंगल बादशहा हुमायून याच्या स्वारीचें भय उत्पन्न झालें तेव्हां सुलतान बहादूरशहानें पोर्तुगीजांशीं सख्य जोडिलें, आणि २३ डिसेंबर १५३४ रोजीं झालेल्या तहानें वसई व तिच्या अमलाखालील मुलूख त्यांच्या हवालीं केला. त्या वेळीं पोर्तुगीजांचा गव्हर्नर नूनु द कुन्य हा होता. साष्टी व मुंबईचीं बेटें याच तहानें त्यांच्याकडे गेलीं.

सैन्यामागून धर्मगुरु आले. त्यांत संत फ्रान्सिसच्या संघाचे फादर आंतोनियु दु पोर्तु हे प्रमुख होत. त्यांनीं या प्रांतांत गांवोगांव फिरून देवळें बांधिलीं व अनाथ मुलांसाठीं आश्रम स्थापिले. संत फ्रान्सिस झेवियर हे १५४४ सालीं आणि पुन्हां १५४८ सालीं वसईस आले होते. ज्या भूमीवर आपण राहतों तिच्यावर त्या महात्म्याचीं पावलें उमटलीं आहेत, ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगितली पाहिजे.

१५४६ सालीं पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यानें गव्हर्नर जुआंव द कास्त्रु यास आज्ञा केली कीं, वसईंत संत योसेफाच्या नांवानें एक देऊळ बांधावें. तेंच हें आपलें मातृदेवालय. पोर्तुगीज लोक त्यास 'मात्रिज' म्हणत, आणि शहरांतील व प्रांतांतील इतर देवळांत त्याचा मान पहिला असे.

येथें एक गोष्ट मोकळ्या मनानें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. ज्या राजदरबारानें हें देऊळ बांधण्याचा हुकूम दिला, त्याच दरबारानें आपल्या अमलाखालील मुलखांत मूर्तिपूजेस बंदी करण्याचेही हुकूम सोडिले होते. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यांत शंकराच्या स्थानीं ख्रिस्ती देऊळ झालें, हें आजही तेथें जाऊन पाहतां येतें. आपले पूर्वज ख्रिस्ताकडे आले ते सर्व एकाच वाटेनें आले असें नाहीं. कोणी उपदेश ऐकून व मनन करून आले, कोणी दुष्काळांत अन्न देणाऱ्या हाताच्या ओढीनें आले, कोणी सरकारी कृपेच्या आशेनें आले, आणि कोणी भयानेंही आले. सत्यावर उभारलेल्या धर्मास सत्य सांगण्याची भीति असूं नये. शिवाय पुढें दोनशें वर्षांनीं असा एक काळ आला कीं, ज्यांत ख्रिस्ती राहण्यापासून कृपा मिळण्याची आशा उरली नाहीं व न राहिल्यास कोणाचें भय उरलें नाहीं. आपल्या पूर्वजांची खरी परीक्षा त्या वेळीं झाली. ती हकीकत पुढें येईल.

वैभव

वसई हें शहर पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी झालें. सरदारांचे वाडे, कचेऱ्या, रुग्णालय, दयाधर्माचें काम करणारी मिझेरिकॉर्दियाची संस्था हीं सर्व तटाच्या आंत होतीं. येशूसंघ, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांनीं आपापलीं देवळें व मठ तेथें बांधिले. या प्रांतांतील दगड इतका नामांकित होता कीं, जुन्या गोव्यांतील बोम जेझूच्या देवळासाठीं, जेथें संत फ्रान्सिस झेवियर यांचें शरीर ठेविलें आहे, वसईचा काळा दगड गलबतांनीं नेण्यांत आला. आपल्या भागांतील पाथरवटांच्या हातचें काम त्या पवित्र स्थानीं आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१६०१ सालीं संत योसेफाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. त्या वेळीं गोव्याचे आर्चबिशप दों आलेशु द मेनेझिश हे होते व येथील विगार फादर पेद्रु गाल्व्हांव परेरा हे होते. ही माहिती दरवाजावरील शिलालेखांत कोरलेली होती, आणि डॉ. जुझे गेर्सन द कुन्य या गोवेंकर विद्वानानें चौल व वसई यांवरील आपल्या १८७६ सालच्या इंग्रजी ग्रंथांत ती नोंदून ठेविली आहे. १६१८ च्या मे महिन्यांत या शहरावर भयंकर वादळ आलें. त्यांत घरांचीं व देवळांचीं छपरें उडालीं. तरी शहर पुन्हां सावरलें.

या शहराचें सर्वांत मोठें भूषण मात्र दगडाचें नव्हतें. १५५६ च्या सुमारास वसईंत एका पोर्तुगीज शिपायाच्या व या देशांतील एका स्त्रीच्या पोटीं गोन्सालु गार्सिया हा मुलगा जन्मला. त्यानें येशूसंघाच्या गुरूंपाशीं शिक्षण घेतलें, त्यांच्याबरोबर जपानास जाऊन ती भाषा आत्मसात केली, कांहीं काळ व्यापार केला, आणि शेवटीं सर्व सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत तो साधा बंधु म्हणून राहिला. दुभाष्या या नात्यानें तो पुन्हां जपानांत गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथील टेंकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर त्यानें प्राण दिला. १६२७ सालीं त्यास धन्य म्हणून व ८ जून १८६२ रोजीं नववे पायस पोप महाराज यांनीं संत म्हणून घोषित केलें. भारतांत जन्मलेला हा पहिला संत. त्याच्या आईचें नांव इतिहासानें राखिलें नाहीं. पण ती या मातींतली होती, आणि तिच्या मांडीवर बसून तो जी भाषा प्रथम बोलला असेल ती आपल्या बोलीहून फार निराळी नसावी. ज्यास शहरांत मोठा मान मिळण्याचा संभव नव्हता अशा मिश्र कुळांतील मुलानें वसईचें नांव जगभर नेलें.

आतां तटाबाहेर पाहूं. १६९५ सालीं जेमेल्ली कारेरी नांवाचा इटालियन प्रवासी येथें आला. शहरांतील इमारतींपेक्षां बाहेरच्या कसब्याचें त्याला अधिक कौतुक वाटलें. कोसच्या कोस पसरलेल्या बागा, त्यांत माड, केळी, आंबे व ऊंस, आणि पाणी चढविणाऱ्या यंत्रांनीं सदा हिरवी राहणारी जमीन यांचें त्यानें वर्णन केलें आहे. हीं यंत्रें म्हणजे आपले रहाट होत. शहरांतील श्रीमंत लोक उन्हाळ्यांत व साथीच्या दिवसांत या बागांत येऊन राहत. कारेरी यानें रमेदीच्या मातेच्या देवळांत मिस्सा ऐकिली, आणि तें देऊळ पांच वर्षांपूर्वीं एका लुटारू टोळीनें जाळिलें होतें असेंही तो लिहितो. म्हणजे खेड्यांतील देवळांस तटाचा आश्रय नव्हता. संकट आलें कीं प्रथम तींच जळत, आणि गांवकरी तीं पुन्हां उभीं करीत. उघड्यावर राहण्याची ही संवय पुढें त्यांच्या उपयोगीं पडली.

१७३९

१७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि दोन वर्षांनीं चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला. तटाखालीं सुरुंग लागले, बुरूज ढासळले, दोन्ही पक्षांचे असंख्य शूर लोक पडले. अखेर मे १७३९ मध्यें किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन झाला. शत्रूच्या शौर्याची कदर करणें हें वीराचें लक्षण होय, आणि चिमाजी आप्पांच्या वर्तनांत तें दिसून आलें. किल्ल्यांतील लोकांस बायकामुलांसह, सामानसुमान घेऊन, सन्मानानें जाऊं दिलें. जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, असेंही तहांत ठरलें. त्या काळच्या युरोपांतील लढायांचा इतिहास ज्यांनीं वाचिला आहे, त्यांस या कलमाची किंमत सांगावयास नको.

सरदार गेले. त्यांच्याबरोबर संघांचे गोरे धर्मगुरु गेले, मठ ओस पडले, आणि ज्यांच्या देणग्यांवर किल्ल्यांतील देवळांचा खर्च चालत असे ते दातेही गेले. छपरें गळूं लागलीं, लांकूडफांटा नाहींसा झाला, भिंतींवर वडपिंपळांनीं मुळें पसरिलीं. दोनशें वर्षांच्या वैभवाची अशी अवस्था होण्यास फार काळ लागला नाहीं. १७८० सालीं इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें किल्ला घेतला, १७८३ मध्यें तो मराठ्यांस परत मिळाला, आणि १८१८ पासून तो कायमचा इंग्रजी अमलाखालीं आला. या उलथापालथींत मातृदेवालयाकडे पाहणारें कोणी उरलें नाहीं.

घंटा

देवळांच्या घंटा विजयी सैन्यानें नेल्या. त्यांतील कांहींचा ठाव आजही लागतो. वाईजवळ मेणवली येथें जी घंटा आहे तिच्यावर १७०७ हें साल असून बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृति आहे. नाशकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर जी घंटा टांगली आहे तिच्यावर १७२१ हा आंकडा आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याचा प्रघात तिच्यावरूनच पडला. भीमाशंकराच्या देवळापुढील घंटेवर १७२९ हें साल दिसतें.

या घंटांविषयीं कोणाच्या मनांत विषाद असेल तर त्यानें थोडा विचार करावा. त्या वितळवून तोफा करतां आल्या असत्या, आणि तशा त्या अनेक देशांत केल्या गेल्या आहेत. येथें तसें झालें नाहीं. परक्या धर्माच्या असल्या तरी त्या देवाच्या दारींच टांगल्या गेल्या, व त्यांवरील क्रूस आणि मातेचें चित्र कोणी घासून काढिलें नाहीं. आपल्यांतील कोणी त्या बाजूस यात्रेकरू म्हणून अगर सहलीस गेला, तर त्यानें त्यांपुढें क्षणभर उभें राहून एक 'नमो मरिया' म्हणावी, अशी आमची सूचना आहे.

कन्या

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. माता ओस पडली. मग लेकी कशा जगल्या? सांडोरचें संत थॉमसचें देऊळ १५६६ सालचें, नंदाखालचें पवित्र आत्म्याचें १५७३ चें, पापडीचें कृपामातेचें १५७४ चें. रमेदी, निर्मळ, आगाशी हीं स्थानेंही पोर्तुगीज अमदानींतलीच. या सर्व ठिकाणीं आज आयतवारीं बसावयास जागा अपुरी पडते. किल्ल्यांतील देवळांपेक्षां हीं देवळें लहान होतीं व गरीब होतीं. सरकारी तट त्यांच्याभोंवतीं नव्हता. तरी तीं राहिलीं.

आमच्या मतें याचें कारण असें. किल्ल्यांतील देऊळ राजाच्या हुकुमानें उभें राहिलें होतें व राजाच्या तिजोरीवर चालत होतें. राजा गेला, तेंही गेलें. खेड्यांतील देऊळ शेतकऱ्याच्या, भंडाऱ्याच्या व कोळ्याच्या पदरच्या पैशावर आणि अंगमेहनतीवर चालत होतें, आणि हे लोक कोठेंही गेले नाहींत. त्यांस जाण्यास दुसरा देशच नव्हता. त्यांची बाग येथें, विहीर येथें, होडी येथें, आणि बापजाद्यांचीं हाडेंही येथेंच पुरलेलीं. आतां ख्रिस्ती राहण्यानें त्यांस कोणतीही सरकारी नोकरी मिळणार नव्हती. कांहीं कुटुंबें त्या काळांत व त्यानंतर पुन्हां हिंदु धर्मांत गेलीं; त्यांच्याविषयीं आमच्या मनांत कडवट शब्द नाहीं, तीं आमचीच भावंडें आहेत. पण जीं राहिलीं तीं स्वखुषीनें राहिलीं. आमच्या समजुतीनें वसईच्या ख्रिस्ती मंडळीचा दुसरा बाप्तिस्मा १७३९ सालीं झाला, आणि तो कोणाच्या जबरीचा नव्हता.

गोऱ्या संघीय गुरूंच्या जागीं गोव्याहून आलेले व येथलेच देशी धर्मगुरु आले. १७६० च्या सुमारास आंकतील द्युपेरों हा फ्रेंच विद्वान साष्टींतून प्रवास करीत असतां त्यानें ठाण्यास ख्रिस्ती सणाची मिरवणूक पाहिली. हजारों माणसें, त्यांत एकही गोरा नाहीं, सर्व विधि चालविणारे गुरु देशी, आणि राज्य मराठ्यांचें! त्या परदेशी माणसाला मोठें नवल वाटलें. आपणांस तितकें वाटूं नये. पण अभिमान अवश्य वाटावा.

गुरूंची संख्या थोडी व गांवें पुष्कळ, अशा काळांत धर्म टिकविण्याचें पुष्कळसें ओझें घरांतील वडीलधाऱ्या बायकांवर पडलें. दिवेलागणीस तेर्स म्हणणें, नाक्यावरच्या क्रुसापुढें जमून लदीन गाणें, मुलांना क्रुसाची खूण करावयास शिकविणें हीं कामें त्यांनीं केलीं. छापील पुस्तकें बहुतेकांच्या हातीं नव्हतीं. जें होतें तें मुखोद्गत होतें. फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत छापून निघालें हें सर्वांस ठाऊक आहे. पण आपल्या उत्तर कोंकणांतील बोलींत रचिलेलें फ्रान्सिश्कु व्हाझ द गिमारांइश यांचें पुराण १६५९ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें, हें थोड्यांस ठाऊक असतें. प्रभूच्या दुःखसहनाची व मरणाची ही कथा उपवासकाळांत आपल्या लोकांत गाइली जात असे. ज्यास अक्षरओळख नव्हती असा शेतकरीही तीवरून प्रभूचें चरित्र जाणत होता.

चालीरीतींविषयीं म्हणाल तर आमच्या पूर्वजांनीं आपलें मराठीपण टाकून दिलें नाहीं. आडनांवें परेरा, लोपीस, डिसोझा झालीं, पण चुलीपुढील भाषा वाडवळी, सामवेदी, कोळी अशी जिची तीच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशीं उंबराचें पाणी आणण्याची चाल, नारळाच्या रसानें नवरानवरीस न्हाऊं घालणें, बायकांचीं लग्नगीतें, आणि नव्या भाताच्या लोंब्या देवळांत नेऊन आशीर्वादित करण्याचा आगेरा हीं सर्व या मातीचींच फुलें आहेत. तीं फक्त वेदीवर वाहिलीं गेलीं. निर्मळ गांवीं पवित्र क्रुसाचें देऊळ आणि शंकराचार्यांच्या समाधीचें स्थान हीं जवळजवळ आहेत, आणि कार्तिकी यात्रेंत त्या गांवची वाट दोन्ही धर्मांच्या लोकांनीं गजबजते. वसईच्या केळ्यांचीं सुकेळीं जशीं सर्वांच्या मुखीं गोड लागतात, तसाच हा शेजारधर्म आहे.

पुढील काळ

इंग्रजी अमदानींत आपल्या मंडळीवर निराळ्या प्रकारचें संकट आलें. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रुआदाचा हक्क आणि रोमच्या प्रोपागांदेची सत्ता यांच्यांत वाद पेटला, व एकाच मुंबई इलाख्यांतील कॅथोलिकांत दोन पक्ष पडले. १८८६ च्या करारानें दमणचा बिशपप्रांत निर्माण झाला व वसईचीं देवळें त्याच्याकडे गेलीं. १९२८ सालीं तो प्रांत मोडून आपण मुंबईच्या आर्चबिशप महाराजांच्या छत्राखालीं आलों. शेवटीं २२ मे १९९८ रोजीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, बिशप थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले, आणि पापडीच्या कृपामातेच्या देवळास मुख्य देवळाचा मान मिळाला. म्हणजे जो मान एके काळीं किल्ल्यांतील मातेचा होता, तो तिच्या एका लेकीकडे आला. आईचे दागिने लेकीच्या अंगावर यावे, हें योग्यच झालें.

भाषेच्या बाबतींतही ईश्वराची कृपा दिसते. शेंकडों वर्षें मिस्सा लॅटिनमध्यें होत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयीं जो निर्णय केला त्यामुळें वेदीवर मराठीस स्थान मिळालें. त्यापूर्वींही आपली भाषा मुकी नव्हती. फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें, आणि वसईंत 'सुवार्ता' निघूं लागल्यावर आपल्या घरोघरीं मराठी वाचनाची गोडी वाढली. नंदाखालच्या धर्मग्रामांत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या भाषांतरास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, आणि जानेवारी १९२०नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे जानेवारी २०२० मध्यें, उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस लाभलें. २०२४ च्या जुलै महिन्यांत ते देवाघरीं गेले. ज्या बोलीला एके काळीं परके अधिकारी रानटी समजत, त्या बोलीच्या घरांतील एक पाद्री मराठी सारस्वताच्या सर्वोच्च आसनावर बसला, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं राखलेल्या भाषेचें फळ आहे.

आपलें कर्तव्य

वाचकहो, हा वृत्तांत केवळ मागील गोष्टींच्या अभिमानासाठीं लिहिलेला नाहीं. मातृदेवालय पडलें तें भिंती कच्च्या होत्या म्हणून पडलें नाहीं. त्या भिंती आजही उभ्या आहेत. तें पडलें कारण त्याचीं माणसें जमिनीस बांधलेलीं नव्हतीं. लेकी जगल्या त्या जमीन, भाषा आणि सायंकाळची प्रार्थना या तीन दोरांनीं गांवाशीं बांधलेल्या होत्या म्हणून. हे तीन दोर आपल्या पिढींत कसे आहेत, हें प्रत्येकानें आपल्या घरीं तपासून पाहावें.

जमिनीचें काय झालें हें डोळ्यांपुढें आहे. ज्या बागांचें कारेरी यानें कौतुक केलें त्यांच्या जागीं इमारती उठल्या आहेत. विहिरींतील पाणी टँकरनें बाहेर जाऊं लागलें तेव्हां आपल्या लोकांनीं हरित वसईची चळवळ केली, आणि तिच्या अग्रभागीं फादर दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरु होते. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाल्यावर गांवांचें गांवपण राखण्यासाठींही पुष्कळांनीं श्रम केले. पण जमीन विकणारा आणि जमीन राखणारा हे दोघेही एकाच बांकावर गुडघे टेंकतात, हें कबूल केलें पाहिजे. जो विकतो त्यास कधीं कधीं खरीच अडचण असते. त्यास दोष देण्यापूर्वीं त्याच्या अडचणींत कोण उभा राहिला, हा प्रश्न धर्मग्रामानें स्वतःस विचारावा.

भाषेविषयीं आमचें म्हणणें एवढेंच कीं, इंग्रजी शिकावी, उत्तम शिकावी. परंतु आजीला नातवाची प्रार्थना कळूं नये अशी वेळ येऊं देऊं नये. जी बाई तेर्स म्हणतां म्हणतां वृद्ध झाली, तिच्याजवळ जुनी लदीन, जुनें लग्नगीत, जुनी गोष्ट असेल. ती आजच लिहून घ्यावी. या महोत्सवाच्या वर्षांत प्रत्येक वाडींतील तरुणांनीं एक वही या कामीं लावली, तर रोषणाईपेक्षां तें अधिक काळ उजेड देईल.

राहिली माता. किल्ला हा आज सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे, म्हणून तेथें एक दगडही हलविण्याचा आपणांस अधिकार नाहीं व तसा मोहही नसावा. पण तिला भेटावयास जाण्याचा अधिकार लेकींस आहे. किल्ल्यांतील येशूसंघाच्या जुन्या देवळांत संत गोन्सालु गार्सियाच्या सणास भाविक जमतात. त्या दिवशीं तेथून संत योसेफाच्या देवळापर्यंत चार पावलें चालावीं. भिंतींवर नांवें खरडणाऱ्यांस मुलांनीं नम्रपणें थांबवावें, पायांखालीं पूर्वजांच्या कबरी आहेत हें लक्षांत ठेवावें, आणि त्या उघड्या आकाशाखालीं मृतांसाठीं एक प्रार्थना करावी. तेथें निजलेल्यांत मोठे अधिकारी असतील, गुरु असतील, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याही दगडावर नाहींत असे दगड वाहणारेही असतील. प्रभूच्या पुस्तकांत सर्वांचीं नांवें सारख्याच अक्षरांत लिहिलेलीं आहेत.

संत योसेफ हा कष्टकऱ्यांचा आश्रयदाता. त्याच्या नांवाचें देऊळ राजांनीं बांधिलें व राजांबरोबर तें ओस पडलें. पण त्याच्यासारखेच हातानें राबणारे जे लोक बाहेर वाडींत राहत होते, त्यांनीं त्याचें काम सोडलें नाहीं. आमच्या देवळाचा हा महोत्सव त्या अनामिक लोकांचा आहे. त्यांनीं आम्हांस जें दिलें तें आम्ही आमच्या मुलांस जसेंच्या तसें, किंबहुना थोडें वाढवून, देऊं शकूं, असें बळ संत योसेफ व वसईचा पुत्र संत गोन्सालु गार्सिया यांच्या विनवणीनें परमेश्वर आम्हां सर्वांस देवो. आमेन.